अक्कानं ओवलेल्या मुंडावळ्या

“तुझ्या हातच्या मुंडावळ्या मी बांधणार न्हाई!” लग्नाच्या आदल्या दिवशी मी थोरल्या बहिणीवर, अक्कावर, खेकसले.

“कामून गं?”

“विधवेनं ओवलेल्या हाईत म्हणून.”

“मग अप्पाला सांग, कल्याणीच्या बाजारातून इकत आणा म्हणून. तुझ्या लुगड्यालाच त्यांच्या नाकी नऊ आलेत.”

खरंच होतं. म्हणून तर तिनं जुन्या चोळीचे मणी उसवून त्या केल्या होत्या. तुम्हाला सांगते, आपली आपण अक्षरं गिरवून शिकलेली मी, पाटलालाही उलटून बोलणारी. पण अपशकुनाला घाबरले. त्याची लाज अजून जात नाही.

“घरात कामं का कमी होती? यालाच कामून हात लावलीस?”

अक्का म्हणाली, “मांडवात मला कुणी येऊ देणार न्हाई, माझ्या हातचं काहीतरी तिथं असू दे की गं.”