पाचव्या दिवशी

—नाही, ती पत्रिका पिशवीतच राहू द्या, विनोदिनीच्या आई; आधी माझे ऐका. पत्र मीच घातले होते, हे मी नाकारत नाही. सन एकोणीसशे चव्वेचाळीस, नोव्हेंबर महिना, मार्गशीर्ष नुकता लागलेला, साताऱ्याच्या थंडीने बोटे आखडत होती, तरी अक्षर मी नीट काढले होते — ‘चिरंजीव गंगाधरच्या लग्नास आठ वर्षे झाली, मूल नाही, सूनबाई सदैव आजारी, सबब आपल्या मुलीची पत्रिका पाठवावी.’ त्यानंतर ‘येऊ नये’ असे दुसरे पत्र घालणे माझे कर्तव्य होते. ते मी घातले नाही. का? लाज वाटली, दुसरे काय? तुम्हाला सांगलीहून उगीच हेलपाटा पडला, त्याबद्दल क्षमा करा. चहा घ्या, गार होतो आहे.

माझ्या सुनेला, चारुशीलेला, महिन्याचे ते चार दिवस फार जड जातात — हे बोलायचे विषय नव्हेत, पण तुम्ही बाई आहात, मीही बाई आहे. मागच्या सोप्यातल्या कोपऱ्यात घोंगडीवर ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची. कण्हायची नाही, तेवढे वळण तिला आहे. आमच्या घरी विटाळ कडक. कोण पाळत होते? मीच. मॅट्रिक झाले म्हणून आचार सोडला असे कोणी म्हणू नये, हा माझा हट्ट. पाण्याचा तांब्यासुद्धा मी दुरून सरकवायची.

औषधात मात्र कसूर केली नाही. तीन वैद्य झाले, दोन डॉक्टर झाले. पाचव्या दिवशी न्हाऊन ती शुद्ध झाली की टांगा बोलवायचा, तिला घेऊन जायचे. आणि प्रत्येकाने पोट दाबून म्हणायचे, कुठे काय आहे? एक तर हसून म्हणाला, सूनबाईंना कामाचा कंटाळा असेल. मला ते पटले — पटले म्हणजे, सोयीचे वाटले.

मग कारण काय? कारण शोधल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. प्रथम भांड्यांवर संशय घेतला. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी कळकते, ते विष पोटात साठत असेल — सगळी भांडी पुन्हा कल्हई करून घेतली. मग तिच्या माहेरावर घेतला. ती तुमच्या सांगलीजवळच्या हरिपूरची; घराच्या मागेच हळद साठवायची जमिनीतली पेवे. पेव उघडले की आतल्या वायूने धडधाकट माणूस कोसळतो, आणि ही तर तिथे लहानपणापासून खेळलेली. तो वायू अंगात मुरला, असे मी तिला तोंडावर सांगितले. ती म्हणाली, ‘आई, माझ्या तिन्ही बहिणी तिथेच वाढल्या. त्यांना नाही काही.’ उलट बोलते, असे मी गंगाधरला सांगितले. आणि तुम्हाला पत्र घातले.

आमची तानुबाई — भांड्यांना येते, वडूजकडची — तिने एके दिवशी परातीवरून डोके वर न करता विचारले, ‘आवं बाईसायब, पावणा जेवून गेल्यावर पाट मांडता व्हय? दुखतंय आज, आन् दावनार पाचव्या दिवशी. मग डाक्टरला काय घावनार?’

वीस वर्षे शाळेत मुलींना तर्कशुद्ध विचार शिकवला हो मी. आणि हे मला तानुबाईने सांगावे.

ती चारुशीलेच्या विटाळाच्या दुसऱ्याच दिवसाची सकाळ होती. मी तशीच सोप्यात गेले, आणि तिला उठवण्यासाठी हात धरला — आठ वर्षांत त्या दिवसांत प्रथमच. ती मागे सरकली. म्हणाली, ‘आई, शिवाल मला.’ अंग तापलेले होते, हात मात्र गार. टांग्यात तिचे डोके माझ्या मांडीवर होते.

या वेळी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तपासले आणि दोन मिनिटांत त्यांच्या हाताला गाठ लागली. त्यांनी सांगितले ते असे — गर्भाशयाला आतून जे अस्तर असते, तसेच काही बाहेर रुजते. महिन्याच्या महिन्याला तेही पाझरते, पण त्या रक्ताला वाट नसते. मी विचारले, कशाने? म्हणाल्या, शरीरातल्या ग्रंथींचे रस रक्तात मिसळतात, त्यांच्यावर ते पोसले जाते. पण मुळात उगवते कशाने, हे अजून कोणालाच नक्की माहीत नाही. मी पेवांचे विचारले, पितळेचे विचारले. त्या म्हणाल्या, ‘हवापाण्यातल्या विषाने होत नाही असे मी छातीठोक सांगणार नाही, आणि होते असेही नाही. पण तुम्हाला कारण हवे आहे की दोषी?’

मग त्यांनी विचारले, असे दुखणे घरात आणखी कोणाला होते का. मी म्हटले, नाही.

होते. मला होते. गंगाधर लग्नानंतर अकरा वर्षांनी झाला, तोवर दर महिन्याला त्याच सोप्यात, घोंगडीचे टोक दातांत धरून — आणि तो झाल्यावरही, केस पिकेपर्यंत. तेच दुखणे होते की दुसरे, कोण जाणे. मला कोणी तपासलेच नाही. पण चारुशीला कशी पडते हे मी पाहत होते, आणि मला ओळखू येत होते. मी सोसले, हिने का सोसू नये — एवढाच माझा तर्क. हे तुम्हाला कशाला सांगितले कोण जाणे. कोणाजवळ बोलू नका.

पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे. मूल होईल याची खात्री नाही. गंगाधरला तसे स्पष्ट सांगितले आहे. तो म्हणाला, तू म्हणशील तसे. आजवर मी म्हटले तसेच तो करत आला, ती एक माझीच चूक. मी म्हटले, सून आहे ती राहील, दुसरी येणार नाही. हे ठरले ती जानेवारीची बारा तारीख, शुक्रवार. तुमचा टांगा दारात उभा राहायच्या आतच हा प्रश्न मिटलेला होता.

हळू बोला, ती आत निजली आहे. हो, माझ्याच पलंगावर. हो — आज दुसरा दिवस आहे.

कप खाली ठेवलात. ठेवा. तानुबाई, बाईंची पिशवी दारापर्यंत नेऊन दे.