यादीची मोरपंखी शाई

...न्हाय तर काय वो! शाई ती शाई! बाटली घ्यायची, पेनात भरायची, घरला यायचं. त्यासाठी नवराबायकोनं भर बाराच्या उन्हात महाद्वार रोडच्या मधोमध कागद धरून उभं ऱ्हायचं असतंय व्हय? मागं रिक्षावाला हॉर्न मारून मारून दमला, तरी ही दोघं हलायला तयार न्हाईत!

तुम्हाला सांगतो, ही दोघं म्हंजे आमच्या शेजारचं रुद्राप्पा आण्णा आणि दानम्माक्का. आण्णा तीस वर्षं शाळेत चित्रकलेचं मास्तर. अक्षर असं की गल्लीत कुणाचंबी लग्न ठरलं की यादी लिहायला आण्णाच पायजेत. यादी म्हंजे कुठली, दोन्हीकडचं पावणं बसून मानपान काय, जेवण कुणाचं, हॉल कुणाचा ते कागदावर घालत्यात, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून सह्या करत्यात, ती यादी. अशा शंभरावर याद्या आण्णांनी साध्या निळ्या शाईनं लिहिल्या, कधी कुरकुर न्हाय. आता स्वतःच्या शिवांजलीची यादी आली, तर माणसाला निळी चालंना! निळी म्हंजे हजेरीबुकाची, हिरवी म्हंजे साहेबाची, आणि माझ्या पोरीचं नाव काय हजेरी हाय का अर्ज हाय, असं म्हणत बसलं. मग कसली पायजे? तर गडद मोरपंखी. निळ्यात हिरवा मुरलेला पायजे, पण वर आलेला नको... आता आली का पंचाईत! आणि यादी कधी, तर दुसऱ्या दिवशी सकाळी. शाई ती शाई, पण सांगायचं कुणी?

दुकानदार विश्वजित गुणी माणूस. त्यानं अकरा बाटल्या मांडल्या. कानात घालायची कापसाची काडी एकेका बाटलीत बुडवायची, कागदावर पट्टा मारायचा, आणि वर नाव सांगायचं, आण्णा ही टील, आण्णा ही ओशन, आण्णा ही मिडनाइट... आण्णांना पहिली पटली. मग दुसरी पटली. मग सगळ्याच पटायला लागल्या आणि घाम फुटला! चित्रकलेचा मास्तर, पण रंग ओळखंना. मनातनं भ्यालं वो माणूस. पोरीचं नाव चुकीच्या रंगात गेलं तर जन्मभर डोळ्यापुढं ऱ्हाणार की.

दानम्माक्का इतका वेळ कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. ती उठली, सगळे कागद गोळा केले आणि म्हणाली, "साडी कधी ट्यूबलाइटखाली घेत्यात व्हय? भाईर चला."

आणि निघाली की तरातरा! मागनं आण्णा, त्यांच्या मागनं बाटल्या घेऊन विश्वजित. उन्हात कागद धरला आणि काय सांगू, टील निघाली मोरचूद! ओशन निघाली शाळेची निळी चड्डी! एक तर नुसतं शेवाळ. अक्का एकेक पट्टा बघायची आणि नाक मुरडायची. दहा शाया बाद! ऱ्हायली अकरावी. तिचा पट्टा वला होता, त्यात बघावं तर अंधार. आण्णा खचलं. अक्का म्हणाली, वाळू दे. आता शाई ती शाई, ती वाळताना रस्त्यात उभं ऱ्हाऊन बघायचं काय?

बघायचंच होतं वो! तुम्हाला सांगतो, ती शाई वाळाय लागली आणि त्या अंधारातनं आधी निळा वर आला, गडद. मग निळ्याच्या पोटातनं हिरवा... हळूहळू, जणू कुणी आत दिवा लावलाय. आणि कागद जरा कलता केला तर कडंला तांबूस झळाळी, पारव्याच्या मानंवर असती न्हवं, तशी! रिक्षावाल्यानं इंजान बंद केलं. उतरून बघाय आला. फुलवाली आली. आण्णांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीस वर्षं पोरांना रंग शिकवलं, आणि असा रंग जगात हाय हे आपल्याला म्हाईत नव्हतं, असं आपलं स्वतःशीच पुटपुटाय लागलं.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीचं पावणं आलं. सोमेश नवरामुलगा, त्याचं वडील, चार जाणती माणसं. आण्णांनी बैठक मारली, पेन भरलं, पहिली ओळ लिहिली... आणि थांबलं. कारण शाई वाळंना! असली झळाळीवाली शाई उशिरा वाळती, हे कुणाला ठावं? टीपकागद लावावा म्हटलं तर अक्का डोळं वटारती, रंग टिपून जाईल म्हणून. मग काय! एक ओळ लिहायची आणि सगळ्यांनी वाळायची वाट बघायची. पोहं गार झालं. च्या दोनदा झाला. शिवांजलीचं नाव आलं तेव्हा तर काय! बारा माणसं वाकून एका नावाकडं बघत्यात, नावातनं मोर उठतोय! सोमेशचं वडील यंत्रमागवालं माणूस, जन्म सुताच्या रंगात गेला, तेबी हात जोडून म्हणालं, असला रंग आमच्या मागावर कधी उतरला न्हाय.

पण यादी लागती दोन, दोन्हीकडं एकेक. दुसरी लिहायची तर दिवस मावळला असता. पावणं म्हणालं, झेरॉक्स काढूया की. काढली. राखेगत आली.

सह्या झाल्या. आणि सोमेशच्या वडिलांनी मूळ कागदासाठी हात पुढं केला. रीतच हाय ती, मुलीकडं लिहिलेली यादी मुलाकडं जाती. शंभर याद्या आण्णांनी अशाच दुसऱ्यांच्या हातात दिल्या, कधी मनात काय आलं न्हाय. आज मात्र कागद सुटंना. चार बोटं तिकडनं, चार बोटं इकडनं... शेवटी अक्कानं आण्णांच्या दंडाला हात लावला. तवा आण्णांनी सोडला.

पावणं गेल्यावर आण्णा झेरॉक्स मांडीवर घेऊन बसलं. शाई ती शाई वो, पण मीबी घरला जायचं सोडून तिथंच बसलो. शिवांजली जवळ आली, बाटली उजेडात धरून म्हणाली, "आण्णा, एवढं काय तोंड पाडून बसलाय? निम्मीच्या वर शाई हाय की अजून."

आण्णा म्हणालं, "शाई हाय गं. लेक एकच हाय."