गळ्यावरच्या मुंग्या

मंजुश्री: आई, खरं सांगा. समताला आज गोड कोणी दिलं?

केसरबाई: कोनी नाई देल्लं. कितींदा इचारतं?

मंजुश्री: मग हिच्या फ्रॉकला मुंग्या कशा? नको, तुम्ही नका घेऊ तिला. माझ्याकडेच राहू द्या.

केसरबाई: मुंग्या पुऱ्या देऊळघाट गावात हायेत. मुंग्या सोड अन् पोरीकडं पाह्य. मान टाकून राह्यली ते. प्रेमानंद कुठं अटकला जीप घेऊन?

मंजुश्री: निघालेत. ते यायच्या आत मला कळलं पाहिजे. बुलढाण्याला पोचलो की डॉक्टर आधी हेच विचारतील, साखर पोटात गेली का, कुठून गेली. त्यावर सलाईन कोणतं लावायचं ते ठरतं. चुकीचं लागलं तर...

केसरबाई: तसं बोलू नको. म्या नाई देल्ली.

मंजुश्री: कुलदीप भावजी पास झाले तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात. मग पेढा निघाला.

केसरबाई: एक कन चाटवला होता माय! दोन वर्साची नात, घरात पेढे, अन् तिच्या तोंडात नुसतं तूप अन् खोबऱ्याचं तेल. जीव तुटला. तवा मले समजलं नोतं.

मंजुश्री: आता समजलंय? सांगा पाहू.

केसरबाई: परीक्षा घेतं काय? घे. आंगात बारीक बारीक भट्ट्या हायेत. त्याचं नाव मले येत नाई.

मंजुश्री: मायटोकॉन्ड्रिया.

केसरबाई: तेच. साखरीचा माल भट्टीच्या गेटावर येते. गेटावर तुह्यं ते...

मंजुश्री: एन्झाइम.

केसरबाई: वाचमन म्हन ना सीधं. आंगाले ताकद पाह्यजे असली का तो गेट उघडते, पुरं झालं का लावते. आपल्या समताचं गेट किलकिलंच उघडते. माल बाहीर अडते अन् आंबते. चिखलीच्या मार्केटात ओल्या सोयाबीनचे पोते गेटाबाहीर राह्यले का तापतात ना, तसं. ते आंबट रक्तात गेलं का पोरगी अशी धापा टाकते. तुपाले मांगचं गेट हाय, म्हनून तूप. झालं? पास का नापास?

मंजुश्री: पाठ आहे तुमचं. पाठ आहे म्हणजे पाळलंच, असं नाही.

केसरबाई: वा! बीएस्सी काय झाली, पोलीसच झाली तू.

मंजुश्री: सकाळी हिला शेजारच्या रेणुकाच्या नव्या घरी कोण घेऊन गेलं होतं?

केसरबाई: मीच. सांगूनच गेलो ना?

मंजुश्री: लेकरू पहिल्यांदा घरी आलं की हातावर साखर ठेवल्याशिवाय सोडतात का तिथे? बोला ना.

केसरबाई: ठेवली.

मंजुश्री: ठेवली! आणि मघापासून तुम्ही...

केसरबाई: हातावर ठेवली. तोंडात नाई गेली. नाई म्हनलं असतं तर रेनुकाले वाईट वाटलं असतं. पोरीची मूठ गच्च धरली, अन् पायरी उतरल्यावर समदी पदरात बांधली. सांगितलं असतं तर तू पटवून घेतलं असतं काय? घे, सोड गाठ.

(मंजुश्री सासूच्या पदराची गाठ सोडते. आत घामाने चिकटलेला साखरेचा गोळा.)

मंजुश्री: सगळी आहे ही?

केसरबाई: दाने मोजतं काय आता? घरी आल्याबरोबर हात धुतले तिचे. पाह्य, हातावर हाय एक तरी मुंगी?

मंजुश्री: हातावर नाही. गळ्यापाशी आहेत सगळ्या. कॉलर कडक झालीये.

केसरबाई: गळ्यावर तर तू तापाचं औषध पाजतं तवा सांडते. अर्धं थुकते ना ते... मंजू? काय झालं वं?

मंजुश्री: ती गुलाबी बाटली द्या इकडे.

केसरबाई: औषधाले काय झालं?

मंजुश्री: डॉक्टरांनी गोळी कुटून द्यायला सांगितली होती. गोळ्या संपल्या, दुकानात नव्हत्या, ताप चढत होता, म्हणून परवा हे आणलं. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचते मी, आई. लोणच्याच्या बरणीवरची वाचते. हे औषध म्हणून फिरवून पाहिलंच नाही.

केसरबाई: मंग आता वाच ना.

मंजुश्री: बुचाला जीभ लावून पाहिली आत्ता. पाक आहे नुसता.

केसरबाई: अन् तू परवापासून...

मंजुश्री: ताप चढला की देत होते. वरून एक चमचा जास्तच, थुंकते म्हणून.

केसरबाई: हॉर्न वाजला. आला तो. ऐक, प्रेमानंद तापट हाय. मी सांगतो का म्याच साखर चारली. मले म्हातारीले काय बोलन तो?

मंजुश्री: नको. डॉक्टरांना खरं तेच सांगायचं. चला, तुम्ही घ्या हिला.

केसरबाई: मी? मघा तर हात लावू देत नोती.

मंजुश्री: तुमच्याकडेच राहू द्या तिला. बाटली मी धरते.