मगदूम मॅडमची वही आणि माझी चूक

संस्थेचे आणि आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय जोतीराम मोरबाळे साहेब, व्यासपीठावरील प्राचार्य महोदय, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती सौ. सुरेखा मगदूम मॅडम, त्यांचे यजमान श्रेणिककाका, माझे सहकारी आणि जेवणाच्या वासाकडं अर्धं लक्ष ठेवून बसलेले विद्यार्थी मित्रहो,

मी संघर्ष कांबळे, आपल्या कॉलेजच्या संगणक विभागात काम करतो. मॅडमविषयी बोलायला मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच वर्षं जे बोललो नाही, ते पाच मिनिटांत बसवायचं म्हणजे अवघडच.

मी इथं दोन हजार दोन साली लागलो, अकरा महिन्यांच्या करारावर. कसबा बावड्यातल्या आमच्या घरातला तो पहिला महिन्याचा पगार. माझ्या आईनं, शेवंताबाईनं, गल्लीभर साखर वाटली होती. पहिल्याच दिवशी कॉलेजची वेबसाईट चालवणारा नवा सर्व्हर आला आणि मी उत्साहानं इंटरनेटची वायर जोडायला गेलो, तर वायरच नाही. ती विभागाची यंत्रं सांभाळणाऱ्या मॅडमच्या कपाटात, कुलपात. मशीनवर आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या सेवा, म्हणजे बाहेरच्याला आत शिरायची दारंच, तपासून, नको त्या बंद केल्याशिवाय वायर मिळायची नाही. जी सेवा चालू ठेवायची ती कुणी मागितली, कशासाठी, हे वहीत लिहायचं. कारण सांगता आलं नाही की सेवा बंद. प्राचार्यांनाही यातून सूट नव्हती, हे ते आत्ता हसतायत त्यावरून कळतंच आहे.

पुढच्या वर्षी मॅडम लेकीच्या साखरपुड्यासाठी रजेवर होत्या. एका संचालकांचे पाहुणे आले. त्यांना संमेलनाचे फोटो वेबसाईटवर चढवायचे होते. आता कोल्हापुरात दारात आलेल्या पावण्याला नाही म्हणायचं कसं? मी मॅडमनी बंद केलेली, बाहेरून फाइल चढवायची सेवा पुन्हा सुरू केली आणि एक खातं उघडलं. नाव 'पावणा', पासवर्डही 'पावणा'. फोटो चढले, चहा झाला, पाहुणे गेले. खातं राहिलं. वहीत मी काहीच लिहिलं नाही.

आठ दिवसांनी प्रवेशाची गुणवत्ता यादी वेबसाईटवर लागायची होती. रात्री चढवून ठेवलेली यादी सकाळी बघतो तर गायब आणि तिच्या जागी कुण्या परदेशी टोळीचं नाव; ती 'पावणा' खात्यातूनच आत शिरली होती. फाटकापाशी पार लांब नेसरीपासूनची पोरं आईबापांना घेऊन उभी होती. रजेवरून परतलेल्या मॅडमनी आधी वायर उपसली. यादीची छापील प्रत फलकावर लावली, मशीन पुसून सीडीवरून नव्यानं उभं केलं, एकेक सेवा तपासली आणि मगच दुपारी तीनला वायर जोडली. मग मला म्हणाल्या, "पावण्याला पाणी द्यावं, जेवाय घालावं. घराची किल्ली देतंय व्हय रं कोण?"

चौकशी लागली. कुणाचं तरी नाव हवं होतं. मी खरं सांगायला निघालो, तर मॅडमनी मला खुर्चीत बसवलं. "तुझं काम अकरा महिन्यांचं हाय, माझं कायम हाय. मेमो मला पचंल, तुला न्हाय." आणि अहवालात त्यांनी लिहिलं की खातं त्यांच्याच हलगर्जीपणानं उघडं राहिलं. मी गप्प बसलो. मला भीती वाटली होती, हे आज सरळ सांगतो.

मेमो मात्र पचला नाही. दोन वर्षांनी विभागप्रमुखाची जागा निघाली, तेव्हा सेवापुस्तकातला त्या मेमोचा शेरा आडवा आला आणि बाहेरचे गृहस्थ नेमले गेले. आज निमंत्रणपत्रिकेवर मॅडमच्या नावाखाली 'वरिष्ठ सहायक' छापलंय. मधल्या काळात मी कायम झालो, घर बांधलं, लग्न केलं. मॅडमनी त्या मेमोची आठवण एकदाही करून दिली नाही. उलट लग्नात आहेर घेऊन सगळ्यात आधी आल्या.

मॅडम, मला डोळ्यांनी खाली बसा म्हणताय, ते दिसतंय. आज ऐकणार नाही.

अध्यक्ष महोदय, सकाळी आपल्या टेबलावर मी एक सहीचं पत्र ठेवलंय. खातं मी उघडलं, सेवा मी सुरू केली, वहीत नोंद मी केली नाही, असं त्यात आहे. मॅडमच्या सेवापुस्तकातला शेरा काढावा, एवढी विनंती आहे. माझं काय करायचं ते संस्थेनं ठरवावं.

मॅडम, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायचा प्रयत्न केला तर तुम्हीच रागवाल. सभागृहानं शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलताना वेळ जास्त घेतला, कुठं शब्द चुकला, तर आपण मोठ्या मनानं पोटात घालावं. ती एक चूक तेवढी घालू नये. ती माझ्या नावावर लिहावी.