गाडीवरून काय बोलायचं

(उत्तर इंग्लंडातला जुना तुरुंग. फाशीची सकाळ. कोठडीत डॉर्कस आणि तिचा मुलगा जेबेझ, दारात पहारेकरी गार्नेट.)

डॉर्कस: ...आणि तेही भर बाजारात, जेबेझ. मी शिंपल्यांची टोपली विकायला घेऊन बसलेय आणि पेगी खाटकीण तुझे शेवटचे शब्द मोठ्यानं वाचतेय. तू अजून जिवंत, आणि कागद छापून विकायलाही आला. म्हणे, आईनं मला कधी देवळात नेलं नाही, तिनंच दारूची चव लावली. कान धरून फरफटत नेलंय तुला दर रविवारी.

जेबेझ: ते पाद्रीबाबांनी लिहिलं, आई.

डॉर्कस: खाली सहीच्या जागी फुली कुणाची?

जेबेझ: माझी.

गार्नेट: सगळ्यांचं तसंच असतं, बाई. आधी देऊळ सुटतं, मग दारू, मग वाईट संगत, मग खून. छापणारा नावं तेवढी बदलतो. फाशीच्या माळावर लोक कागदातल्या ओळीवर बोट ठेवून ऐकतात. मागे एकजण गळ्यात फास घालून गाडीवर उभा असताना वेगळंच बोलायला लागला, तर त्याला म्हणाले, कागदात आहे तसं म्हण.

डॉर्कस: तुम्ही कुलूप सांभाळा, गार्नेट. फुली का मारलीस रे?

जेबेझ: पाद्रीबाबा म्हणाले, आईनं बिघडवलं असं दिसलं तर वरच्यांना दया येईल. फाशीऐवजी समुद्रापार धाडतील.

डॉर्कस: म्हणजे मला विकलंस.

जेबेझ: हो.

डॉर्कस: आणि दया?

जेबेझ: नाही आली.

डॉर्कस: मग आता गाडीवरून सांग, कागद खोटा आहे, माझी आई तशी नव्हती. तू जाशील. मला याच गावात तोंड दाखवायचंय.

जेबेझ: सांगेन. पण आई, कागदात मी भजन म्हणत जातो. इथं सकाळपासून पाण्याचा घोट उतरत नाही. जीभ टाळूला चिकटलीय. एखादंच वाक्य निघेल तोंडातून, आणि मला म्हाताऱ्या सायलसचं सांगायचं होतं.

डॉर्कस: त्याचं काय?

जेबेझ: मी त्याच्या घरात चोरीला शिरलो तेव्हा तो जागाच होता. अंधारात म्हणाला, "डॉर्कसचा ना तू? ये, बस. भुकेला आहेस का?" कागदात मी नशेत होतो. थेंबसुद्धा घेतला नव्हता, आई. त्यानं ओळखलं म्हणून मारलं.

गार्नेट: घोडा जुंपलाय, बाई.

जेबेझ: आई, अगदी पुढे उभी राहा. मला दिसशील अशी. फार भीती वाटतेय गं.

डॉर्कस: हात दे इकडे. बर्फ झालेत नुसते. मी रूथशेजारी उभी राहणार.

जेबेझ: सायलसच्या बायकोशेजारी? ती उभं राहू देईल तुला?

डॉर्कस: नाही दिलं तर तिच्या मागे राहीन. मला शोधायचं तर तुला तिच्या तोंडाकडे बघावं लागेल. सायलसबद्दलचं ते एक वाक्य तिला सांग.

जेबेझ: आणि बाजारातलं?

डॉर्कस: बाजाराला मी पुरून उरेन. लोक काय ओरडतात तिकडे लक्ष देऊ नकोस. आणि माझ्याकडून एवढं ऐकून जा. तू शुद्धीत राहून त्या म्हाताऱ्याला मारलंस, जेबेझ. माझ्या पोटचा आहेस म्हणून ते कमी होत नाही.