हवेतूनच तर जातं!

...आणि वर मलाच विचारतात, "हवेतूनच तर जातं, त्याला दोन दिवस कशाला?" अहो, तुम्हाला सांगतो, इंटरनेटची तार टाकणारा खड्डा खणतो, घाम गाळतो, ते लोकांना दिसतं, मी बिनतारी जोडणारा, गच्चीवर लोखंडी खांबाला मिठी मारून डिश केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे करतो, तर मी म्हणे हवा खातो!

काम काय, तर नदीच्या अलीकडे डोळ्यांचा छोटा दवाखाना, पलीकडे मोठं हॉस्पिटल. इथे पेशंटचा डोळा यंत्राखाली धरायचा, तिथे मोठ्या डॉक्टरांनी तो पडद्यावर बघून ऑपरेशनची तारीख द्यायची. दोन गच्च्या, दोन डिश, दोन मोडेम. आणि पहिली पेशंट कोण? माझ्या सासूबाई! डोळ्यासाठी म्हणून आठ दिवसांकरता आल्या, आता चौथा महिना चालू आहे. ऑपरेशन झालं की जाणार. चार वाजता डोळा दिसला तर तारीख, नाही तर डॉक्टर दीड महिना रजेवर! आता कळलं मला घाई कसली होती?

बरं, पलीकडच्या गच्चीवर कोण? मेहुणा! "माझ्या भावाला घ्या, घरचा माणूस आहे," इति बायको. झालं! फोनवर सारखं, "दाजी, वाढलं! दाजी, घसरलं! दाजी, डावीकडे कमी, उजवीकडेही कमी, म्हणजे हेच शिखर! आवळू का बोल्ट?" पावणेचार वाजलेले... मी म्हटलं, आवळ!

खाली येऊन बघतो तर सिग्नलचा आकडा वजा अठ्ठ्याहत्तर! यायला हवा वजा पन्नास. पलीकडे डॉक्टरांच्या पडद्यावर सासूबाईंची अर्धी पापणी गोठलेली आणि डॉक्टर फोनवर म्हणतायत, "हा डोळा आहे की फरशी?"

दवाखान्याचे व्यवस्थापक डोक्यावर उभे. म्हटलं, साहेब, मोडेम शून्य-एक, शून्य-एक असं एकेक नाही हो पाठवत! लाटेची उंची जराशी बदलायची, लाट जराशी पुढेमागे सरकवायची, आणि त्या एका ठोक्यात दहा-दहा आकडे बसवायचे. असे ठोके सेकंदाला पाच कोटी! सिग्नल खणखणीत असला तर पलीकडचा ते बारीक फरक ओळखतो. क्षीण असला की गोंधळतो, मग दोघं आपसात ठरवतात, बाबा रे, दोन-दोनच पाठव पण नीट पाठव. आणि आपल्याकडे तर तेवढंही धड...

जांभई दाबत काय म्हणाले असतील? "पण हवेतूनच तर जातं ना?"

आतल्या खोलीतून सासूबाई, यंत्रावर हनुवटी टेकलेली, "जावईबापू, मान अवघडली हो! हवेतूनच तर जातं, मग इतका उशीर?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डिश मधोमध एक जोरदार झोत टाकते, पण आजूबाजूलाही बारीकसारीक झोत सांडतात. मेहुण्याने नेमका त्यातला एक धरलेला! टेकडीवर चढला आणि म्हणतो शिखर! म्हणून नियम आहे, आवळण्याआधी डिश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायची. हा नियम त्याला शिकवला कोणी? मी. आणि 'आवळ' म्हणालं कोण? ...जाऊ द्या ना!

"सोड बोल्ट! फिरव!"

"दाजी, सिग्नल गेला! पूर्ण गेला! ताई मारेल मला!"

"तुझी ताई मला मारेल, तू फिरव!"

तो तिकडे फिरवतोय, मी इकडे घड्याळ बघतोय... आणि मग, "वजा सत्तर... साठ... दाजी, एक्कावन्न!" पडद्यावर सासूबाईंचा डोळा असा उघडला म्हणून सांगू, शिरा मोजून घ्या! व्यवस्थापकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच यायचं राहिलं होतं.

डॉक्टर खुश. "वा! काय स्वच्छ चित्र! मोतीबिंदू आहे, पण अगदी कोवळा. ऑपरेशनची मुळीच घाई नको. सहा महिन्यांनी दाखवा."

सासूबाईंनी चष्मा चढवला. "मग आता जा-ये कशाला करू? राहतेच इथे."

आणि ते 'सहा महिने' कसं आलं, सांगू? खणखणीत. मधे एक अक्षर गळलं नाही, कुठे अडखळलं नाही. आता तक्रार तरी कोणाकडे करू? लिंक माझीच.