धोंड्याच्या जेवणातला दुसरा पाट

सासूबाईंचं काय सांगू यार! सासऱ्यांनी वडीगोद्रीच्या घरात बिहारी जोडपं भाड्यानं ठेवलं, तर ह्यांचा मला रोज फोन: "जावईबापू, बाहेरचे लोक चोर असतेत म्हणं. मोबाइलवर आलंय."

मंग यंदा अधिकमासात जावयाच्या मानाचे धोंडे खायला गेल्तो. बघतो तर माझ्या शेजारी दुसरा पाट, अन् त्यावर तोच बिहारी! सासूबाई त्याच्याच ताटात तुपाची धार सोडून राह्यल्या. माझे धोंडे कोरडे.

माझा नुसता जळफळाट. म्हणलं, "आई, बाहेरच्या माणसाला जावयाचा मान?"

त्या म्हणल्या, "बापू, तुम्ही तरी कुठं गावातले? तुमची नुसती चौकशी करून पोरगी दिल्ती. याला मी रोज बघून राह्यले."